घरी जायची तालीम

आमच्या वॉर्डातून बाळ घरी जातं तो दिवस आनंदाचा असतो, असं बाहेरच्या लोकांना वाटतं. फोटोतही तसंच असतं: मधोमध डॉक्टर, आईच्या हातात दुपट्यात गुंडाळलेलं बाळ आणि सगळे हसतायत. खरं सांगू का, त्या दिवशी आमच्या पोटात गोळा आलेला असतो. दिवस भरायच्या आधीच जन्माला आलेलं, ओंजळीत मावेल एवढं पोर. काचेच्या पेटीत ठेवून, नळीने थेंब थेंब दूध घालून आम्ही ते कसंबसं धरून ठेवलेलं असतं. ते आता एका घाबरलेल्या पोरीच्या ओटीत टाकायचं आणि म्हणायचं, जा माय, सांभाळ. पुढे काय होतं ते आम्हाला दिसत नाही. तपासणीच्या दिवशी बाळ परत आलं तर कळतं, नाही आलं तरी कळतंच.

इतकी वर्षं या वॉर्डात नर्स म्हणून काढली, पण तो गोळा काही गेला नाही. नुसता दमलेला गोळा झालाय आता.

या ‘पुढे काय’साठी एका संस्थेने आमच्याकडे एक माणूस ठेवला होता. हुद्दा समुपदेशक. आम्ही सगळे त्यांना नाना म्हणायचो; ते स्वतःला समुपदेशक कधी म्हणाले नाहीत. कोणी विचारलं तर सांगायचे, ‘‘मी पोरं घरी पोहोचवणारा.’’ मूळचे धुळ्याकडचे. सगळी नोकरी हिवतापाच्या खात्यात गेली. खेड्यापाड्यांत घरोघर हिंडायचं, ताप आलेल्याच्या बोटाला सुई टोचायची आणि काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा. आपल्याला बघून पोरं पळायची आणि कुत्री अंगावर यायची, हे ते मोठ्या अभिमानाने सांगत. निवृत्त झाल्यावर गावात करमेना म्हणून जळगावला मुलीकडे आले, आणि तिथेही करमेना म्हणून आमच्या डोक्यावर बसले.

दांडगा माणूस. मिशा पांढऱ्या, आवाज जात्यासारखा. खांद्यावर कायम एक लाल पंचा. खुर्चीवर कधी बसले नाहीत. व्हरांड्यात नातेवाइकांच्या घोळक्यात खाली मांडी घालून बसायचे आणि उठताना गुडघ्यांचा असा कडकडाट व्हायचा की आत झोपलेली बाळं दचकायची. चहा बशीत ओतायचे, एक घोट घ्यायचे आणि विसरायचे. दुपारपर्यंत व्हरांड्यात चार ठिकाणी नानांच्या बशा आणि बशांत मुंग्या. सफाईच्या मावशी त्यांना रोज शिव्या घालायच्या. नाना त्यांना म्हणायचे, ‘‘मावशी, मुंग्यांना बी पोरंबाळं असतात.’’

कोणी पेढे आणले तर घ्यायचे नाहीत. घरी सोडताना लोक हौसेने पुडा पुढे करतात, आम्ही एकेक तोंडात टाकतो. नाना हात मागे बांधून उभे. ‘‘आत्ता कशाचा पेढा? अजून तर बस बी लागली नाही.’’ मला त्यांचा राग यायचा. इतक्या दिवसांत त्या घरात पहिल्यांदा गोड येतंय, तर घ्यावा ना माणसाने. पण नानांचं एक म्हणणं होतं, ते वॉर्डात सगळ्यांना पाठ झालं होतं. ‘‘दवाखान्यात पोर डॉक्टरचं असतं, घरी गेलं की गावाचं होतं. मायबापाचं कधी होतं ते बघायचं.’’

गावाचं होतं म्हणजे काय, हे ज्याने बघितलं नाही त्याला कळायचं नाही. बाळ उंबऱ्याच्या आत गेलं की तासाभरात आळी जमते. फुई, म्हणजे आत्या, येते, मावससासू येते, शेजारीण कडेवर नाक गळणारं पोर घेऊन येते. एकीच्या हातून दुसरीच्या हातात, दुसरीच्या हातून तिसरीच्या. मुका घेतात, गाल ओढतात, कोणी मधाचं बोट चाटवतं. आणि ती एवढीशी आई, पदर डोक्यावर, भिंतीला टेकून बघत बसते. जंतू, ताप, सगळं तिला आम्ही घोकून घोकून सांगितलेलं असतं. पण फुईला ‘हात लावू नका’ म्हणायचं कसं, हे आम्ही कुठे शिकवतो?

नाना ते शिकवायचे. वॉर्डाच्या टोकाला मोडक्या खाटा टाकायची एक खोली होती, ती त्यांनी भांडून रिकामी करून घेतली. तिला ते ‘सासर’ म्हणत. घरी सोडण्याआधी आईने आणि घरात जी बाई बाळाचं करणार असेल तिने तिथे बाळासोबत राहायचं. पेटी नाही, मशीन नाही, सारखी डोकावणारी सिस्टर नाही. आणि मग केव्हातरी दार धाडकन उघडायचं आणि लाल पंचा डोक्यावरून पदरासारखा घेतलेले नाना फुई होऊन आत यायचे.

पारोळ्याकडची एक पोर मला अजून आठवते. तोंडातून शब्द म्हणून निघत नसे. डॉक्टरांनी काही विचारलं तर नवऱ्याकडे बघायची, नवरा नसला तर जमिनीकडे. नाना तिच्यापुढे कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

‘‘माय व! कितलंसं शे व हाई पोर! इतलं बारीक पोर मन्हा जनममा नही दखं! आन आठे, माले दे!’’

आणि दोन्ही हात पुढे. पोर आधी हसली, मग घाबरली आणि बाळ देऊन मोकळी झाली. नानांनी पंचा खाली घेतला. ‘‘नापास,’’ म्हणाले आणि बाळ तिच्या सासूकडे देऊन निघून गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा. त्या दिवशी फुई रडतच आली, आपल्याला कोणी विचारत नाही म्हणून. पोरीला दया आली, पुन्हा नापास. मग फुई रुसली. मग फुई शेजारणीला घेऊन आली, तीही नानाच. सासू तोंडात पदर कोंबून हसायची, पण सुनेच्या डोळ्यांत पाणी. मी नानांना म्हटलं, पुरे करा, तिला त्रास होतोय. नाना म्हणाले, ‘‘सिस्टर, आठे रडेल ते चालेल, घरी जाऊन नको.’’

आणि मग एकदा, आम्ही सगळ्या इंजेक्शनांच्या गडबडीत असताना, त्या खोलीतून असा आवाज आला की आम्ही सगळ्यांनी वळून बघितलं.

‘‘फुई! पह्यले हात धोई ल्या, मंग पोरले हात लावा!’’

दारात नाना उभे. पंचा डोक्यावर, डोळे भरलेले. फुईच्याच आवाजात म्हणाले, ‘‘काय जमाना उना व माय! सुना फुईले हात धोवाले सांगतस!’’ आणि मग स्वतःच्या आवाजात, ‘‘पास. बॅग भरा.’’

बापांनाही ते सोडत नसत. बाळ उघड्या छातीला लावून वरून कापड बांधायचं, अंगाची ऊब त्याला मिळत राहते. हे आम्ही सगळीकडे सांगतो, आणि सगळीकडे बाया ऐकतात, पुरुष बाहेर उभे राहतात. आमच्याकडे बाप वडीलधाऱ्यांपुढे स्वतःच्या पोराला उचलतही नाही, लाज वाटते. नाना एकेकाला पकडून आणायचे आणि सदरा काढायला लावायचे. एक धुळ्याचा पैलवान गडी होता, छाती अशी की दरवाजा अडावा. बाळ बांधल्यावर तो श्वास घ्यायलाच तयार नाही. ‘‘नाना, मी हाललो तर पडेल.’’ नाना म्हणाले, ‘‘तू नाही हाललास तर तू पडशील.’’ मग त्याच्याशी कुस्त्यांच्या गप्पा मारत बसले. गडी बोलता बोलता श्वास घ्यायला लागला आणि शेवटी बाळासकट घोरायला लागला.

कोणाला वाटेल नाना म्हणजे मोठे हुशार. तसं काही नव्हतं. अर्धी औषधं ते चुकीची सांगायचे, मग मला मागे जाऊन दुरुस्त करायला लागायचं. फोनवर तासन्‌तास बोलायचे. घरी गेलेल्या आयांचे फोन यायचे, कारण घरी मशीन वाजत नाही. इथे असताना त्या टूंटूंने त्यांचा जीव जातो आणि घरी गेल्यावर तेच ऐकू येत नाही म्हणून झोप लागत नाही. ‘‘नाना, बाळ गप झोपलंय, आवाजच नाही, काय करू?’’ नाना विचारायचे, ‘‘तू जेवली का? काय केलं होतं? वांग्याचं भरीत? मिरच्या हिरव्या का लाल?’’ आणि भरतावरून बोलत बोलत तिला बाळाच्या पोटावर हात ठेवायला सांगायचे. पोट हलतंय ना? हलतंय. मग झोप. मी बाजूला उभी राहून घड्याळ बघायची, कारण डॉक्टर त्यांना शोधत असायचे.

आणखी एक गोष्ट होती, जिच्यावरून आमचं खरं भांडण व्हायचं. मी सरळ ‘नाही’ म्हणणारी बाई. बाळाला धुरी द्यायची नाही, म्हणजे नाही. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी पेटवून ओव्याचा धूर करायचा, त्यात बाळही शेकायचं, ही आपल्याकडची रीत. ती या पोरांच्या फुप्फुसांना झेपत नाही. मी दटावून सांगायची, म्हाताऱ्या मान डोलवायच्या आणि घरी जाऊन शेगडी पेटवायच्या. नाना कधी नाही म्हणायचे नाहीत. ‘‘धुरी द्या की. बाळंतिणीला तर पाहिजेच. फक्त तेवढा वेळ पोर तिसऱ्या घरात ठेवा.’’ तेल लावून आंघोळ? ‘‘घाला. आखाजीच्या मुहूर्तावर घाला, चांगला दिवस शे.’’ तोवर बाळाचं वजन वाढलेलं असायचं. घुटी? ती देवीला आधी दाखवा, देवी दूर आहे, सवडीने जा. मी म्हणायची, नाना, हे खोटं आहे. ते म्हणायचे, ‘‘खोटं कुठे? मी मोडत नाही, फक्त सरकवतो.’’

हल्ली नाना नाहीत आमच्याकडे. गुडघ्यांनी साथ सोडली, संस्थेचं कामही संपलं, ते गावी परत गेले. फुई मला व्हावं लागतं. मला ते जमत नाही. मी पदर घेऊन आत गेले की पोरी ‘बसा ना सिस्टर’ म्हणतात. परवा एकीने तर मला पाणी आणून दिलं. अशा वेळी नानांचा फार राग येतो, जाताना पंचा तरी ठेवून जायचा.

पण मला सांगायचं आहे ते नानांनी एकदा जे सरकवलं त्याबद्दल.

रावेरच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावातली सून आमच्याकडे आली होती. बीपी वाढून झटके आलेले. बाळ वेळेआधी काढावं लागलं. मुलगा. ती स्वतः बरेच दिवस दुसऱ्या वॉर्डात निपचित पडून होती. माहेरी आई नव्हती. नवरा केळीच्या ट्रकवर ड्रायव्हर, येऊन जाऊन. राहिली सासू. उंच, वाळलेली बाई, सगळे तिला अक्का म्हणत. सुनेचं सगळं करायची, डबा आणायची, केस विंचरायची. पण बाळाच्या वॉर्डात पाय ठेवायची नाही. काचेबाहेर बसायची, तीसुद्धा काचेकडे पाठ करून.

बाळाला पेटीतून काढायची वेळ आली होती. आता त्याला माणसाच्या अंगाची ऊब हवी होती, आणि आई उठू शकत नव्हती. डॉक्टरांनी अक्काला बोलावून समजावलं, इतक्या आठवड्यांचं बाळ आहे, चांगलं आहे, तुम्ही छातीशी धरा.

अक्का म्हणाली, ‘‘आठवडे मले कळत नाई, साहेब. सातव्यातलं का आठव्यातलं, तेवढं सांगा.’’

मला ते ऐकून थकवाच आला. आपल्याकडे म्हणतात, सातव्या महिन्याचं मूल जगतं, आठव्याचं जगत नाही. कोणी काढलं कोण जाणे. बाळ जितके जास्त दिवस पोटात राहील तितकं चांगलं, हे शेंबड्या पोराला कळेल, पण घरोघरी हे घट्ट बसलेलं आहे. आणि हे बाळ होतं आठव्यातलं. सुनेला स्वतःला ते पक्कं माहीत होतं. पण पहिलटकरीण, लाजरी. सासूला दिवस गेल्याचं उशिरा सांगितलेलं. सासूचा हिशेब अंदाजाचा, सातवा की आठवा यात घोटाळलेला.

डॉक्टर तोंड उघडणार तेवढ्यात नाना म्हणाले, ‘‘सातवा, अक्का. सातवा सरत आला व्हता.’’

अक्काने पदर खोचला. मग उठली, नळावर जाऊन कोपरापर्यंत हात धुतले आणि आत आली. त्या दिवसापासून ते बाळ तिच्या छातीवर. चोळी सैल करून, लुगड्याच्या पदराने बांधून ती भिंतीला टेकून बसायची. जेवण तसंच, झोप तशीच. बाळाला उचकी लागली तर आमच्याआधी तिला कळायचं. मी नानांना व्हरांड्यात गाठून म्हटलं, ‘‘नाना, हे काय केलंत?’’

‘‘एक महिना सरकवला. कोणाच्या बापाचं काय गेलं?’’

बाळ वाढलं. सूनही उठून बसली, पण अशक्त, हातात वाटी धरवत नव्हती. दोघी ‘सासर’मध्ये राहिल्या. नाना फुई होऊन आले तेव्हा अक्कानेच त्यांना बाहेर काढलं, दरवाजा लावून घेतला. तिघं घरी गेली. नानांनी पेढा घेतला नाही.

आखाजीला, अक्षय तृतीयेला, सासरी गेलेल्या पोरी माहेरी येतात. अक्काची थोरली लेकही आली. झोके झाले, गाणी झाली, आणि बाळ मांडीवर घेऊन या बाईने बोटं मोजली. सातव्यातलं म्हणता? मग दिवस राहिले कधी? भाऊ तर श्रावणात कानबाईच्या सणाला घरी होता. श्रावणातला पोळा झाला आणि मालकाने त्याला उत्तरेकडच्या गाडीवर पाठवलं, तो दिवाळीलाच घरी आला. बाळ सातव्यातलं धरलं, तर दिवस राहिले ते तो घरी नसताना. आठव्यातलं असतं तर हिशेब श्रावणात जात होता, काही प्रश्नच नव्हता. पण दवाखान्यातून सांगितलं होतं सातवा. मोठ्या माणसाने, सगळ्यांसमोर.

सुनेने फोन केला तो नानांना. मी शेजारीच होते. आवाज एवढा बारीक की नानांनी फोन कानात घुसवला होता. ‘‘नाना, हे पोराकडे बघत बी नाई. काल म्हने, तू जाय तुह्या बापाच्या घरी, पोराले बी ने. मी सांगतलं आठवा व्हता, त म्हने दवाखान्याचे लोक काय खोटं बोलतीन?’’

‘‘अक्का काय म्हणते?’’

‘‘आत्याबाई काईच बोलत नाई. पोराले छातीशी धरून बसतात.’’

नाना फोन ठेवून तिथेच बसले, चक्क खुर्चीवर. मला त्यांच्याकडे बघवेना. खरं सांगितलं तर पोरीची अब्रू वाचणार होती, पण अक्काच्या कानावर ‘आठवा’ दवाखान्याकडूनच पडणार होता. आई अजून अशक्त. अक्काने बाळाला खाली ठेवलं, तर त्याला उचलणारं त्या घरात कोणी नव्हतं. आणि एवढंसं पोर, उन्हाळ्याच्या दिवसांत, दोन वेळा दूध चुकलं तरी संपतं. ते मी बघितलेलं आहे. पुन्हा बघायची माझ्यात ताकद नव्हती.

नाना म्हणाले, ‘‘काहीतरी मधलं सांगता येईल का, सिस्टर? म्हणजे सातवा सरून आठवा लागला व्हता, असं?’’

मी इतकी चिडले होते की माझा आवाज चढला. ‘‘नाही. ह्यात मधलं काही नाही. जायचं आणि सरळ सांगायचं.’’

‘‘मग तुम्ही बी चला,’’ ते म्हणाले. म्हातारा माणूस, पोरासारखा तोंडाकडे बघत होता.

मी रजा टाकली. रावेरपर्यंत एसटी, पुढे रिक्षा. ऊन असं की डोळे उघडवत नव्हते. दोन्हीकडे केळीचे बाग आणि रस्त्याच्या कडेला घड भरणारे ट्रॅक्टर. एरवी नाना गाडीत कंडक्टरपासून शेजारच्या बाईच्या कोंबडीपर्यंत सगळ्यांशी बोलतात. त्या दिवशी पंचा तोंडावर घेऊन बसले होते. एकदाच म्हणाले, ‘‘फुईचं सोंग सोपं शे, सिस्टर.’’

घर साधं, पत्र्याचं, पुढे शेणाने सारवलेलं अंगण. नवरा खाटेवर बसलेला, आम्हाला बघून उठला नाही. नणंद दारात. सून आत चुलीपाशी, तिची फक्त बांगडी वाजली. आणि अक्का ओट्यावर खांबाला टेकून, पदराखाली बाळ बांधलेलं. वरून नुसती टाळू दिसत होती. चांगली केसाळ झाली होती.

पाणी झालं. नाना नेहमीसारखे खाली बसले आणि सुरुवात केली, ‘‘आता कसं शे अक्का, डॉक्टर लोकांचा हिशेब येगळा, आपला येगळा, तसं पाह्यलं तर...’’ मी त्यांच्याकडे बघितलं. ते थांबले. पंचा काढून मांडीवर ठेवला.

‘‘अक्का, मी खोटं बोललो. पोर आठव्यातलं शे. दवाखान्याच्या कागदावर बी तेच शे. तुमची सून खरी बोलते.’’

नणंद म्हणाली, ‘‘मंग तवा सातवा काऊन सांगतलं?’’

‘‘आठवा सांगितला असता तर अक्काने पोराला हात लावला नसता. पोर गेलं असतं.’’

नवऱ्याने मान वर केली. आत बांगडी वाजायची थांबली. मी अक्काकडे बघत होते, तिच्या हातांकडे. आता ती गाठ सोडेल, बाळ काढेल आणि खाली ठेवेल, अशी मला भीती होती. मी उठून पुढे होणार होते.

‘‘आठवा?’’ ती म्हणाली.

‘‘आठवा.’’

‘‘पक्का?’’

‘‘माझ्या लेकराची शपथ, अक्का.’’

तिने त्या टाळूवरचा पदर सारखा केला. मग मुलाकडे न बघताच त्याला म्हणाली, ‘‘ऐकलं नं? जाय, तिले बाहीर घेऊन ये. चुलीपाशी काऊन बसली ती इतक्या गरमीत.’’ तो उठला आणि आत गेला. आत कोणीतरी रडल्याचा आवाज आला, सूनच असावी. नणंद चप्पल शोधायला लागली.

मला वाटलं, संपलं. सुटलो. मी पाण्याचा तांब्या घेतला. नानांनी गुडघ्यांवर हात ठेवून उठायची तयारी केली.

अक्का म्हणाली, ‘‘नाना, माहा पयला बी आठव्यातलाच व्हता.’’

नाना पुन्हा खाली टेकले.

‘‘चांगला रडे. आवाज व्हता त्याले. सासू म्हने, आठव्याचं राह्यत नाई, लळा नको लावू. सुपात फडक्यावर ठेवलं व्हतं, त्या तिकडच्या कोपऱ्यात. मी बाजेवर. दूध येऊन माही चोळी भिजे. पन कोनी देलं नाई, अन्‌ मी बी मांगतलं नाई. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गप झालं.’’

ती हे अगदी साध्या आवाजात सांगत होती, आणि बोलताना तिचा हात बाळाच्या पाठीवरून फिरत होता.

‘‘मंग तो बी जगला असता का, नाना? असं छातीशी धरलं असतं त?’’

मी घाईघाईने म्हटलं, ‘‘अक्का, तेव्हा कुठे होते असे दवाखाने, औषधं...’’ नानांनी माझ्या हातावर हात ठेवून मला थांबवलं. या वेळी त्यांचा आवाज फुईचा नव्हता, समुपदेशकाचाही नव्हता.

‘‘जगला असता, अक्का.’’

तिने मान हलवली. तिला ते आधीच कळलं होतं, तिला फक्त कोणीतरी सांगायला हवं होतं, असं मला वाटलं. सून बाहेर येऊन तिच्याशेजारी बसली. अक्काने गाठ सोडली नाही. बाळाला तसंच धरून ती पुढे मागे डोलायला लागली, आणि तिच्या तोंडून, आमच्यापैकी कोणाशी नव्हे, स्वतःशीच बोलावं अशा आवाजात, एवढंच निघालं, ‘‘त्याचं नाव बी नव्हतं ठेवलं कोनी.’’